मेजर मँटचं कोल्हापूर: टाउन हॉल, नवा राजवाडा आणि काळ्या दगडाची डागडुजी

करवीर_दगडी

कोल्हापुरात काळ्या दगडाची, कमानींची जुनी इमारत दिसली की 'ब्रिटिशकालीन' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. त्यात बरंच काही एका ओळीत गुंडाळलं जातं. म्हणून हा धागा फक्त एका माणसाच्या कामापुरता: मेजर चार्ल्स मँट, रॉयल इंजिनिअर्स, जन्म १८३९, मृत्यू १८८१.

मँटच्या दोन इमारती एकाच दिवशी बघाव्यात. आधी टाउन हॉल (१८७२ ते ७६), जिथे आता राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू ठेवल्या आहेत. मग नवा राजवाडा (१८७७ ते ८४). टाउन हॉल पक्का गोथिक: टोकदार कमानी, उंच उतरती छपरं, नजर वर खेचणारी उभी ठेवण. राजवाड्यात मात्र खांबांवरच्या छत्र्या, घुमट्या, नक्षीदार महिरपी, दगडी छज्जे आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. पहिली संपते न संपते तोच दुसरी सुरू झाली, आणि तोच माणूस जवळजवळ उलट दिशेला वळला.

राजकीय बाजू थोडक्यात. दुसरे राजाराम महाराज १८७० साली युरोपातून परतताना फ्लॉरेन्सला वारले. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी लहान होते आणि कारभार पोलिटिकल एजंटाच्या हातात होता. मोठी बांधकामं मंजूर व्हायला आणि ती लष्करी इंजिनिअरकडे जायला हा काळ सोयीचा होता. चौथे शिवाजी १८८३ च्या डिसेंबरात नगरच्या किल्ल्यात वारले. राजवाडा पुरा झाला त्या १८८४ सालीच शाहू महाराज दत्तक आले.

माझं म्हणणं एवढंच, की मँटची शैली गावाने फारशी उचलली नाही. गावाने उचललं ते काम: काळा दगड किती बारीक घडवायचा, सांधा किती पातळ ठेवायचा, कमान कशी उभी करायची. पेठांतल्या घरांवर खरी छाप या कामाची आहे. आणि डागडुजीत आज पहिलं मरतं तेही तेच.

---

पंचगंगाकाठ

छान विषय. एक पुरवणी. काळ्या दगडात घडीव काम करणं कोल्हापूरला मँटने शिकवलं नाही. जुन्या राजवाड्याचा नगारखाना त्याच्या आधीचा आहे, आणि अंबाबाईचं देऊळ तर कित्येक शतकं आधीचं. पाथरवट तयारच होते. मँटने त्यांना नवे साचे दिले, मोजमाप दिलं आणि एकसारखा चिरा मागितला.

दुसरं, कोल्हापूरची प्रत्येक दगडी सरकारी इमारत मँटच्या नावावर खपवू नये. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आलं, तेव्हापासून मँटचं नाव वाटेल तिथे चिकटतंय. कागद दिसल्याशिवाय नको.

---

उभा_गोथिक

कमानीबद्दल लिहितो, कारण ओळख पटवायला सगळ्यात भरवशाची खूण तीच.

टोकदार कमान दोन केंद्रांवर काढतात. गाळा, म्हणजे कमानीची आतली रुंदी, १.२ मीटर धरा. कमान जिथून वळायला लागते ती दोन टोकं घ्या, प्रत्येक टोकावर दोरी धरून १.२ मीटर त्रिज्येचा कंस काढा. दोन्ही कंस भेटतात ते टोक, उंची साधारण १.०४ मीटर. त्रिज्या गाळ्यापेक्षा कमी घेतली तर कमान बसकी होते: ०.९ मीटर घेतली तर उंची ८५ सेंटिमीटर. त्रिज्या गाळ्यापेक्षा जास्त घेतली की कमान भाल्याच्या पात्यासारखी निमुळती.

आता भिंतीवर बघा. खऱ्या दगडी कमानीत दगडांमधले सांधे त्या दोन केंद्रांकडे जातात, डावीकडचे उजव्या केंद्राकडे आणि उजवीकडचे डाव्या. शिवाय गोथिक कमानीत टोकाशी बहुतेक वेळा सांधाच असतो. अर्धवर्तुळाकार कमानीत तिथे कळीचा दगड (मधोमध बसवलेला पाचरीसारखा दगड) असतो. नंतरच्या घरांत टोकदार दिसणारी कमान मुळात सपाट तुळईखाली सिमेंटच्या गिलाव्याने काढलेली असते. सांधे रेघा मारून दाखवलेले असतात आणि त्या रेघा कुठल्याच केंद्राकडे जात नाहीत. दोन मिनिटांत उलगडा होतो.

राजवाड्याच्या महिरपींना हे मोजमाप जसंच्या तसं लावू नका. पाकळ्यांच्या महिरपीत पाकळीचा आकार बऱ्याचदा दगड बसवल्यावर किंवा बसवायच्या आधी कोरून काढलेला असतो. भार वाहणारी कमान त्याच्या मागे किंवा वर असते. पाकळीचा तुकडा पडला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वरच्या कमानीचा सांधा उघडला असेल तर खाली टेकू दिल्याशिवाय हात लावू नये.

---

सयाजीबागवाला

मँटचं बडोद्याचं काम विसरू नका. लक्ष्मीविलास राजवाडा त्याचाच आराखडा, सुरुवात १८७८ च्या सुमारास, पूर्ण झाला १८९० मध्ये, पुढचं काम रॉबर्ट चिझमने पाहिलं. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारतही मँटची. तिथेही घड्याळाचा मनोरा आहेच. भारतीय अंगावर घड्याळाचा मनोरा हे त्याचं आवडतं समीकरण दिसतं.

आणि त्याने आपली गणितं चुकली, राजवाडे कोसळणार या भीतीने आत्महत्या केली, ही गोष्ट बडोद्यात प्रत्येक गाईड सांगतो. त्याच्या शेवटच्या दिवसांत मन ठिकाणावर नव्हतं असं लिहिलेलं सापडतं, तेवढ्यावर ही कथा वाढत गेली असावी. तो १८८१ मध्ये गेला तेव्हा कोल्हापूर आणि बडोदा दोन्ही अपुरी होती. दोन्ही आज उभी आहेत.

---

नवा_गडी

वाचतोय. राजवाड्याची शैली 'स्थानिक' म्हणतात ती कितपत खरी?

---

करवीर_दगडी

@नवा_गडी, अर्धीमुर्धी. युरोपीय शास्त्र आणि देशी सौंदर्य एकत्र आणायचं, असा मँटचा उघड हेतू होता. पण देशी म्हणून त्याने घेतलं काय? डीग आणि भरतपूरचे राजवाडे, मथुरेकडची कामं, गुजरातची जैन देवळं. त्यात कोल्हापूरच्या जुन्या वाड्याचा थोडा अंश. राजस्थानचा छज्जा आणि झरोका त्याने पंचगंगेच्या काठी काळ्या दगडात घडवून घेतला. पाथरवटांची यात कसोटी लागली. डीगचा वालुकाश्म मऊ, पाथरवटाच्या टाकीला (छिन्नीला) ऐकतो. काळ्या दगडात तीच बारीक नक्षी काढताना कड उडते. म्हणून राजवाड्यातलं कोरीवकाम उत्तरेतल्या मूळ नमुन्यांपेक्षा ठोकळ, सावल्या जाड. मला ते जास्त आवडतं, पण ही आवड झाली.

दरबार हॉलमधल्या रंगीत काचांत शिवचरित्रातले प्रसंग आहेत, तेही याच मिश्रणाचं टोक. काचचित्रांची पद्धत चर्चची, विषय महाराजांचे. तळमजल्यावरचं शहाजी छत्रपती संग्रहालय १९७४ पासून आहे, तिथून हे सगळं बघता येतं.

---

पंचगंगाकाठ

मँटचं कोल्हापूरशी जोडलेलं एक काम कोल्हापुरात नाहीच. राजाराम महाराजांचा दहनविधी फ्लॉरेन्सला आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर झाला. तिथे कास्किने बागेच्या टोकाला १८७४ मध्ये त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. आराखडा मँटचा, आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. जवळच्या मोठ्या पुलालाही इटालियन लोक 'इंडियानो' म्हणूनच ओळखतात.

तारीख बघा. टाउन हॉल गोथिकमध्ये चढत होता त्याच वर्षांत हा माणूस इटलीसाठी छत्री आखत होता. म्हणजे वळण राजवाड्यापासून सुरू झालं नाही, त्याच्या आधीच सुरू झालं होतं.

---

करवीर_दगडी

@पंचगंगाकाठ, हा मुद्दा पटला. 'उलट दिशेला वळला' यापेक्षा दोन्ही हात एकदमच चालू होते, असं म्हणायला हवं.

---

पेठेतला_उंबरठा

इमारतींच्या इतिहासाइतकाच डागडुजीचा प्रश्न. शिवाजी पेठेतल्या एका दगडी घराच्या दर्शनी भिंतीचे सांधे काही वर्षांपूर्वी सिमेंटने भरले. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. आत मात्र गिलावा फुगलाय, पांढरा लोणा येतोय आणि माडीच्या तुळईचं भिंतीतलं टोक मऊ पडलंय. वरून गळती नाही. कंत्राटदार आतून वॉटरप्रूफ कोटिंग सुचवतोय.

---

चुनाघाणी

@पेठेतला_उंबरठा, कोटिंग अजिबात नको. नक्की काय झालंय ते सांगतो, जरा लांब होईल.

पोरबंदरी दगडासारख्या सच्छिद्र दगडात सिमेंट भरलं तर दगडच झिजतो, सांधा पुढे आणि दगड मागे. ते डोळ्यांना दिसतं. काळ्या दगडात नुकसान दिसत नाही. हा दगड पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट एकच, चुन्याचा सांधा. तीच तुम्ही बंद केलीत. सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी भेग पडतेच, पावसाळ्यात तिथून पाणी आत जातं. परत यायला वाव नाही, म्हणून ते आतल्या बाजूला निघतं. सोबत सिमेंटमधले क्षार आणतं, तो तुमचा लोणा. तुळईचं टोक त्या ओल्या पोकळीत बसलेलं असतं, ते कुजतं. आतून कोटिंग लावलं की आतली वाटही बंद, मग ओल तुळईकडेच जाणार.

करायचं असं:

सिमेंट काढताना ग्राइंडर लावू नका, चिऱ्याची कड कापली जाते आणि ती परत येत नाही. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा, सांध्याच्या मधून सुरुवात. खोली सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट आणि २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. धूळ ब्रशने काढून पाण्याने धुवा. माल भरायच्या आदल्या संध्याकाळी आणि भरायच्या आधी तासभर भिंत भिजवा. सांधा ओलसर हवा, पाणी साचलेलं नको.

माल: भिजवलेला कळीचा चुना १ भाग, विटांची सुरखी १ भाग, धुतलेली खरखरीत वाळू २ भाग, सगळं मापाने. चुना पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरलेला हवा, तीन महिने असेल तर उत्तम. न विरलेला खडा भिंतीत नंतर फुगतो आणि माल उडवतो, म्हणून गाळून घ्या. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, मैद्याइतकी बारीक आणि थोडी रवाळ अशी मिसळ. आपल्या पावसात नुसता चुना बाहेर टिकत नाही. तो हवेतून धरतो, आणि तेही महिन्याला साधारण एक मिलिमीटर जाडी एवढ्याच वेगाने. सुरखीमुळे ओलीतही माल धरतो.

अंदाज: चिऱ्याचा थर २५ सेंटिमीटर, लांबी ४० सेंटिमीटर, सांधा १ सेंटिमीटर रुंद आणि अडीच खोल धरला तर चौरस मीटरला साधारण १.६ लिटर माल. दहा चौरस मीटरला नासधूस धरून २० लिटर.

माल दोन थरांत दाबून भरा. पहिला थर जरा घट्ट झाला की दुसरा. दर्जा (सांध्याचा बाहेरून दिसणारा भरणा) दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवा, बाहेर फुगवटा काढू नका. तो दोरीसारखा उंच दर्जा दिसायला गोड असतो, पण त्याच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. नंतर दोन आठवडे ओली गोणपाटं. काम दसऱ्यानंतर सुरू करून माघापर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये माल सुकतो, धरत नाही. दोन्हींत फरक आहे.

---

टाकीसुतकी

चुनाघाणींच्या पोस्टला +१. दोन गोष्टी वाढवतो.

टाउन हॉलसारख्या पातळ सांध्याच्या घडीव कामाला वरचा माल चालणार नाही. तीन ते सहा मिलिमीटरच्या सांध्यात वाळूचा कणच अडकतो. तिथे गाळलेला चुना आणि काळ्या दगडाची बारीक चाळलेली पूड, साधारण १ ला १. पातळ पट्टीने आत ढकलायचं. रंगही दगडाजवळ जातो.

दुसरं, या भिंती एकजीव दगडी नसतात. दोन्ही बाजूंना घडीव चिरा, पोटात दगडाचे तुकडे आणि चुना. मध्ये मध्ये आरपार दगड, दोन्ही बाजू बांधून ठेवायला. सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी गेलं की पोटातला चुना वाहून जातो आणि बाहेरची बाजू फुगते. ओळंबा लावून बघा, मग लाकडी हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला तर आधी पोट भरायचं, मग सांधे. पातळ चुना-सुरखी नळीने, खालच्या रांगेपासून वर. एका वेळी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंची नाही, नाहीतर ओल्या मालाचा दाब फुगलेला चिरा बाहेर ढकलतो. यंत्राचा दाब लावू नका, डोक्याइतक्या उंचीवरच्या बादलीचा पुरे.

---

नवा_गडी

गूळ आणि हिरडा घालतात ना? सगळे तेच सांगतात.

---

चुनाघाणी

घालतात, पण मुख्य गोष्ट ती नव्हे. गुळाचं पाणी मालाला मऊपणा देतं, थोड्या पाण्यात काम होतं. चुन्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के गूळ भरपूर झाला. जास्त घातला तर माल धरायला उशीर होतो. मुरलेला चुना आणि चांगली सुरखी नसेल तर गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद काहीही घाला, काम उतरणारच नाही. हल्ली 'पारंपरिक' म्हणून पिशवीतल्या रंगाच्या चुन्यात गूळ ढवळतात आणि वर पांढरं सिमेंट. त्यापेक्षा काही केलं नाही तर बरं.

---

उभा_गोथिक

झाडांचं कोणी बोललं नाही अजून. मनोरे आणि छज्जे यांच्यावर पिंपळ-वड उगवतात ते पक्ष्यांच्या विष्ठेतून. पावसाळ्याआधी मजूर चढवून उपटून टाकतात. पिंपळ बोटभर असेल तोवर उपटायला हरकत नाही. मूळ सांध्यात शिरलेलं असेल तर उपटताना चिरा हलतो. खोड भिंतीलगत कापा, ताज्या कापावर लगेच ब्रशने तणनाशक लावा, फवारू नका. मूळ मेल्याची खात्री झाली की जेवढं सहज निघेल तेवढंच काढा, बाकी आत राहू द्या आणि पोकळी चुन्याने भरा. नुसतं कापलं तर पुढच्या वर्षी तिथे चार फांद्या.

छज्ज्याबद्दलही. दगडी छज्ज्याची फरशी भिंतीत दाबलेली असते आणि तिच्यावरच्या बांधकामाच्या वजनावर तोललेली असते. गच्चीचा कठडा काढून लोखंडी रेलिंग लावायची टूम आहे. कठडा उतरवला की छज्जा पुढे झुकतो. आधी खालून टेकू, मगच कठड्याला हात.

---

टाकीसुतकी

आणि लोखंड. व्हिक्टोरियन कामात कठडे, कळस, छत्र्यांचे दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडून वर शिसं ओतलेलं असतं. शिसं सैल झालं की पाणी आत, गंज फुगतो आणि चिऱ्याचा कोपरा कपचीसारखा उडतो. उडालेला कोपरा सिमेंटने चिकटवून उपयोग नाही, आतली पट्टी तशीच गंजत राहते. पट्टी काढून ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घाला.

साफसफाईत ॲसिड नको. काळ्या दगडाला फारसं काही होत नाही, म्हणून सगळे बिनधास्त लावतात, पण सांध्यातला चुना विरघळतो. वाळूचा मारा त्याहून वाईट, टाकीचे घाव पुसले जातात आणि घडवणाऱ्याचा हात कुठला ते ओळखायची शेवटची खूण जाते. पाणी, नायलॉन ब्रश, शेवाळ असेल तर वाळल्यावर लाकडी पट्टीने खरवडणं. ऑइलपेंट असेल तर आधी हातभर जागेवर रिमूव्हरची चाचणी.

---

पेठेतला_उंबरठा

सगळ्यांचे आभार. तुळईचं काय करावं? पूर्ण बदलायची म्हणतायत.

---

चुनाघाणी

टोक कुठवर मऊ आहे ते बघा. बारीक ड्रिल किंवा टोकदार सळई घालून भिंतीपासून दर १० सेंटिमीटरवर तपासा. जुनं सागवान बहुधा भिंतीतल्या वीतभर भागातच गेलेलं असतं. आधी मजल्याला टेकू. कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा आणि स्टीलच्या बोल्टने आवळा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी. भिंतीतल्या खोबणीत टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवा, खाली दगडी बैठक. टोक चुन्याने किंवा सिमेंटने गच्च बुजवू नका. सांधे मोकळे करून भिंतीला एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या, आतला गिलावा त्यानंतर.

---

करवीर_दगडी

परवानगीचं राहिलं. घर वारसा यादीत आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात बघा. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही. दुसरीत आतले बदल काही मर्यादेत. तिसरीत सवलत जास्त, पण दर्शनी रूप सांभाळावं लागतं. दर्जा भरणं म्हणजे नुसती देखभाल असं समजून लोक अर्जच करत नाहीत. सिमेंट काढून चुना भरताना दर्शनी भाग बदलतो, म्हणून एक पत्र, आधीचे फोटो आणि मालाचं प्रमाण देऊन ठेवा. फोटोत मोजपट्टी धरा, म्हणजे सांध्याची मूळ रुंदी नोंदीत राहते.

पेठांतल्या नोंदी इथेच टाकायच्या असतील तर कमानीचा गाळा, उंची, टोकाशी सांधा की कळीचा दगड, आणि सांध्याची जाडी, एवढं लिहा. शालिनी पॅलेस (१९३१ ते ३४) या नोंदींत धरायचा का, यावर वाद घालायला मी तयार आहे. काळा दगड, कमानी आणि घड्याळाचा मनोरा, म्हणजे मँटचंच समीकरण पन्नास वर्षांनी रंकाळ्यावर.

---

सयाजीबागवाला

शालिनी पॅलेस धरू नका. समीकरण तेच असलं तरी तिथे इटालियन संगमरवर आहे, हात वेगळा, काळ वेगळा. टाउन हॉलच्या कमानींची मोजमापं कोणाकडे असतील तर आधी ती टाका.